शोकेसमधले खडे

पित्ताशय काढलं की माणूस ठणठणीत होतो, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांची पित्ताशयं अजून जागच्या जागी आहेत. हे मी मुद्दाम लक्षात ठेवलंय. सर्जन तर म्हणालेला, "मॅडम, चार छोटी भोकं. पंधरवड्यात शाळेत उभ्या राहाल." राहिले की उभी. पण उभी राहिल्यावर अख्खा तास वर्गात टिकते का, हे त्याने विचारलं नाही. ते आमच्या सातवी 'ब'ला विचारा. पोरं इतकी तयार झालीत की मी फळ्याकडून दाराकडे वळले की मॉनिटर न सांगता पुढे येऊन उभा राहतो.

त्रास असा की चारचौघांत सांगवत नाही आणि लपवावा तर लपत नाही. जरा तेलकट पोटात गेलं की अर्ध्या तासात बोलावणं येतं. आणि ते बोलावणं 'येताय का?' असं विचारत नाही. शिवाय उजव्या बरगडीखाली कळ येते, जिथे आता काही नाहीच म्हणतात. नाहीच, तर दुखतंय काय? हे मी सर्जनला विचारलं. त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवून माझ्याच ऑपरेशनचा व्हिडिओ लावला आणि म्हणाला, "बघा, किती क्लीन काढलंय!" मी त्याचं अभिनंदन करायला आलेय असा त्याचा समज झालेला.

मग त्याने मला ठाण्याला पोटाच्या डॉक्टरकडे धाडलं. त्या डॉक्टरने सोनोग्राफी केली, रक्त घेतलं, घशातून नळी घातली आणि शेवटी हसून म्हणाला, "सगळं नॉर्मल आहे. पित्त साठवायची पिशवी गेली ना, म्हणून ते सरळ आतड्यात उतरतं. काही जणांना होतं असं. शरीर शिकेल हळूहळू." माझं शरीर! बावन्न वर्षांत सायकल शिकलं नाही ते. आणि वर म्हणतो, टेन्शन घेऊ नका. रिपोर्ट नॉर्मल आला की पेशंटने आनंदाने घरी जावं अशी या लोकांची अपेक्षा असते. मी नाही गेले आनंदाने. मी हॉस्पिटलच्या संडासात गेले आणि मग घरी.

शाळेत म्हटलं, निदान तळमजल्यावरचा वर्ग द्या. सोय तिथे आहे, मी तिसऱ्या मजल्यावर. मुख्याध्यापिका म्हणाल्या, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. सर्जनने सर्टिफिकेट दिलं, त्यात लिहिलं 'फिट'. फिट माणसाला तळमजला मिळत नाही. मग पोटाच्या डॉक्टरकडून आणलं, त्यात 'नॉर्मल'. ऑफिसातल्या क्लार्कने दोन्ही कागद टेबलावर ठेवले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "शिरसाट मॅडम, तुम्ही आजारी आहात की नाही, एकदा काय ते ठरवा ना." पंचवीस मुलांसमोर बोलला मेला. मी अजून तिसऱ्याच मजल्यावर आहे.

तळमजल्यावरून आठवलं, आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर मीराबाई राहतात. त्यांना माझ्या दुखण्याचं कारण पहिल्या दिवशीच समजलेलं. "बेंबी सरकलीय तुमची. पिशवी बेंबीतून काढली ना? मग परत बसवताना नीट नाही बसवली." मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला चटईवर आडवं केलं, बेंबीवर पेटता दिवा ठेवला आणि वर पितळेचा पेला पालथा घातला. पेला चिकटला. म्हणजे बेंबी जागेवर येतेय, असं त्या म्हणाल्या. आली की नाही माहीत नाही. पेला निघेना एवढं मला माहीत आहे. शेवटी त्यांच्या सुनेने कडेने चमचा घालून हवा सोडली आणि माझ्या पोटावर एक गोल उमटला, तो पुढे आठवडाभर होता. मीराबाई आजही जिन्यात भेटल्या की माझ्या पोटाकडे बघून विचारतात, "आता कमी आहे ना?"

कमी आहे ना! या तीन शब्दांचा मला वीट आलाय. लोक प्रश्न विचारत नाहीत, उत्तर सांगून हो म्हणायला लावतात.

आणि घरातला माणूस? आमचे राजरत्न शिरसाट, टेलिफोन खात्यातून निवृत्त. ऑपरेशनच्या दिवशी नर्सने त्यांच्या हातात एक छोटी प्लास्टिकची बाटली दिली, आत माझे खडे. लोकांना बायको शुद्धीवर आल्याचा आनंद होतो. हे बाटली हलवून बघत होते. घरी आणून त्यांनी ती शोकेसमध्ये ठेवली, मधल्या कप्प्यात, रचनाच्या कॉलेजच्या ट्रॉफीच्या पुढे. येईल त्याला दाखवायचे. गॅसवाला आला, दाखवली. केबलवाला आला, दाखवली. "बघा, एवढे होते! एकदा हूं की चूं केलं नाही हिने, सहन केलं सगळं." माझं सहन करणं त्यांना बाटलीतलं आवडतं. समोर सोफ्यावर पोट धरून बसलेलं आवडत नाही. "अगं, निघालं ना सगळं?" म्हणतात आणि बोट शोकेसकडे. पुरावाच आहे ना त्यांच्याकडे.

हे सगळं मी गिळलं असतं. पण रचनाचं लग्न ठरायला आलं.

रचना आमची एकुलती. एकोणतीस पूर्ण. तिच्याच ऑफिसातला प्रीतम हिवाळे, आंबिवलीचा. पोरगा चांगला, पोरगी खूश, दोघांचं आपापसात ठरलेलं. फक्त घरच्यांनी एकदा बसून बोलायचं होतं. त्यांच्याकडे, रविवारी, जेवायलाच. जेवायला म्हटल्यावर माझ्या पोटात तिथेच गोळा आला.

"मम्मी, एक सांगू?" रचना माझ्याजवळ येऊन बसली. तिला असं हळू बोलताना मी दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदा ऐकत होते. "प्रीतमचे पप्पा मटण स्वतः करतात. आणि कुणी नाही म्हटलं ना, तर फार मनाला लावून घेतात. त्याच्या मोठ्या भावाचं एक जमत आलेलं. मुलीची मम्मी म्हणाली, माझं डाएट आहे. झालं. पप्पा म्हणाले, ज्यांना आपल्या ताटातलं चालत नाही, त्यांना आपण काय चालणार? मोडलं ते. प्लीज, त्या दिवशी फक्त जेव तू."

"मग सरळ सांगूया ना, माझं ऑपरेशन झालंय."

इथे माझी नणंद बसलेली होती. वैशालीताई, कळव्याच्या. त्या आमच्याकडे चहाला येतात आणि निकाल देऊन जातात. "अजिबात नाही!" त्या कपबशी खाली आदळून म्हणाल्या. "स्थळाकडे आजारपणाचं बोलतात का कुणी? खडे घराण्यात उतरतात म्हणतात. उद्या म्हणतील, आईला होते, मुलीला होणार. आपल्या रचनाचं नुकसान करायचंय का तुला, वहिनी?"

मी म्हटलं, असं काही नसतं. पण 'रचनाचं नुकसान' म्हटल्यावर पुढे माझी जीभ उचलली नाही. पोरीसाठी एक ताट मटण खायचं, त्यात काय मोठं? असं मी मला सांगितलं. माझं माझ्याशी खोटं बोलणं तिथून सुरू झालं.

"आणि दादा, ती बाटली आधी आवर," वैशालीताई जाताना म्हणाल्या. "ते लोक परत भेटीला इकडे येतील. कुणाच्या नजरेला पडता कामा नये."

"आवरतो," राजरत्न म्हणाले. चेहरा असा, जशी त्यांचीच पिशवी काढायला सांगितली.

रविवारी मी सकाळी चमचाभर मऊ भात खाल्ला, डॉक्टरची गोळी घेतली, वर मीराबाईंचा ओवाही चावला, कारण अशा वेळी माणसाला स्वाभिमान राहत नाही. गाडी केली. शहाडच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मी खिडकीतून फक्त एकच गोष्ट शोधत होते आणि ती त्या रस्त्यावर कुठेच नव्हती. राजरत्न ड्रायव्हरशी क्रिकेटवर बोलत होते. कोट घातलेला त्यांनी, भर उन्हाळ्यात. म्हटलं, घालू दे. मुलीचा बाप आहे.

हिवाळ्यांचं घर चांगलं होतं. स्वच्छ, हवेशीर, समोर भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली ताजी फुलं. जय भीम, जय भीम झालं. चांगदेव हिवाळे म्हणजे प्रीतमचे वडील, दणकट माणूस, खांद्यावर किचनमधला टॉवेल तसाच. त्यांच्या मिसेस शेवंताताई, बारीक चणीच्या, लिंबू रंगाची साडी, चेहऱ्यावर हसू पण ओढलेलं. मी मनात म्हटलं, ही नखरेल दिसतेय. रचनाला जड जाणार.

बोलण्याआधी आम्ही सगळ्यांनी उभं राहून त्रिशरण-पंचशील घेतलं. चौथं शील म्हणजे खोटं न बोलण्याचं. तिथे माझा आवाज आपोआप खाली गेला. शेजारी शेवंताताईंचाही गेला. मला वाटलं बाईंचा घसा बसलाय.

आणि मग पानं वाढली. काय सांगू तुम्हाला! रस्सा लाल, वर तेलाचा तवंग असा की त्यात माझा चेहरा दिसत होता आणि तो घाबरलेला होता. सोबत सुकं, तळलेली कलेजी, बाजरीच्या भाकरीवर तुपाचा गोळा. पूर्वीची मी असते तर दोनदा मागून घेतलं असतं. काळ्या मसाल्याचा वास आला आणि खरं सांगते, रडू आलं मला. इतकं चांगलं जेवण आणि मी त्याच्याकडे शत्रूसारखं बघतेय.

"ताई, घ्या ना! लाजता काय?" चांगदेवराव पातेलं घेऊन माझ्याच डोक्यावर उभे. "सकाळी सहापासून चुलीवर आहे, गॅसवर नाही. गच्चीत चूल मांडलीय मी खास."

मी घेतलं. एक वाटी. त्यांनी दुसरी ओतली. मी हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून ओतली. रचना समोरून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत 'मम्मी, प्लीज' होतं. मी खाल्लं. हसत हसत खाल्लं. "छान झालंय हो," असंही म्हटलं, आणि ते तेवढं मात्र खरं होतं.

"शेवंते, तू पण बस की पाहुण्यांबरोबर!" चांगदेवराव म्हणाले.

"नको, माझं आज अष्टशील आहे. बारानंतर मी जेवत नाही," शेवंताताई पदर सारखा करत म्हणाल्या.

आता अष्टशील, म्हणजे दिवसभराचं आठ शीलांचं व्रत, मीही करते. पांढरी साडी नेसते, पौर्णिमेला करते. पौर्णिमा होऊन गेलेली, अष्टमी यायची होती, साडी लिंबू रंगाची आणि घरात मटण. मी ओळखलं, बाई आमच्या पंगतीला बसायला तयार नाही. आम्ही डोंबिवलीचे, आम्ही काय कमी आहोत का हिच्यापेक्षा? सहावं, अवेळी न जेवण्याचं शील पाळते म्हणून सांगताना ही चौथं मोडतेय, हे मला स्पष्ट दिसलं आणि माझा संताप संताप झाला. मी इथे पोरीसाठी जीव पणाला लावून रस्सा पितेय आणि ही बाई ताटाला शिवत नाही!

पानं उचलली. हॉल कुठला घ्यायचा, कल्याणचा की डोंबिवलीचा, यावर दोघे बाप बोलू लागले. मला हॉलचं काही ऐकू येत नव्हतं. शाळेत इतकी वर्षं काढल्यावर अर्धा तास मला घड्याळाशिवाय कळतो. आतून पहिली घंटा झाली. मी पाय आवळून बसले. दुसरी झाली. शेवंताताई मघाशीच उठून कुठेतरी गेलेल्या. मी "हात धुऊन येते हं," म्हणून शक्य तितक्या थाटात उठले आणि आतल्या पॅसेजमध्ये आले.

संडासाचं दार बंद. आतून कडी.

म्हटलं, येईल कुणी आता बाहेर. कुणी येईना. मी भिंतीला टेकले, मग फ्रिजला टेकले. सगळ्या शिक्षक प्रशिक्षणात शिकवलेला दीर्घ श्वास घेतला. कुणालाही सांगून ठेवते, त्याने काही होत नाही. आत नळ सुरू झाला, बंद झाला, परत सुरू झाला. बाहेर चांगदेवराव मोठ्याने म्हणत होते, "शिरसाट साहेब, जेवणात आपण तडजोड नाही करायची!" माझ्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. आता इथे, या पॅसेजमध्ये, मुलीच्या होणाऱ्या सासरी माझी शोभा होणार. वैशालीताईंना कळणार. प्रीतमची भावंडं जन्मभर सांगणार. पोरीचं लग्न माझ्या पोटावरून मोडणार. मला तेव्हा सर्जन, पोटाचा डॉक्टर, तो क्लार्क, सगळे एका रांगेत उभे करून त्यांना आंबिवलीचा रस्सा पाजावासा वाटला.

लक्ष दुसरीकडे न्यावं म्हणून मी समोरच्या भिंतीतल्या छोट्या शोकेसकडे बघू लागले. चिनी मातीचा मोर. प्रीतमचं क्रिकेटचं पदक. लग्नातली घड्याळं. आणि त्यांच्या मागे, अगदी कोपऱ्यात, निळ्या झाकणाची छोटी प्लास्टिकची बाटली.

ती बाटली मी जगात कुठेही ओळखेन. आत खडे. आणि लाज वाटते सांगायला, पण तशाही अवस्थेत मला पहिलं काय वाटलं असेल, तर वाईट वाटलं. त्यांचे माझ्यापेक्षा मोठे होते.

मग डोक्यात उजेड पडला. लिंबू साडीतलं अष्टशील. खाली गेलेला आवाज. आतला नळ.

मी दारावर बोटाने टकटक केली. "शेवंताताई," मी तोंड फटीला लावून म्हटलं, "मी प्रमोदिनी. माझं पण काढलंय."

आतलं पाणी थांबलं. मग बारीक आवाज आला, "काय काढलंय?"

"तेच. बाटली बघितली मी तुमची."

"अगं बाई!" आणि मग, "तुम्हाला पण असंच होतं? जेवलं की?"

"अर्ध्या तासात."

"आणि इथे बरगडीखाली?"

"तिथेच! आणि सगळे म्हणतात..."

"मनाचं आहे म्हणतात," आतून उत्तर आलं. "ह्यांनी सकाळपासून चार वेळा चव बघायला लावली हो. मीठ बघ, मसाला बघ. नाही म्हटलं तर तोंड एवढं होतं. म्हटलं, निदान पंगतीला तरी नको, म्हणून अष्टशील सांगितलं. ह्यांची बहीण म्हणाली, मुलीकडच्यांना काही कळू देऊ नका. ते म्हणतील, सासू आजारी आहे, आमची पोरगी सेवेला नेताय."

म्हणजे त्यांच्याकडेही एक वैशालीताई होती. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत 'कमी आहे ना' सगळ्यांनी विचारलेलं. तुम्हाला कसं होतं, हे मला पहिल्यांदा एका संडासाच्या बंद दाराआडून कुणीतरी विचारत होतं.

"शेवंताताई," मी म्हटलं, "बाकीचं आपण नंतर बोलू. आता तुम्ही बाहेर या, नाहीतर हे लग्न होत नाही."

कडी निघाली. त्या बाहेर आल्या, मी आत गेले. यापुढचं सांगण्यासारखं नाही.

मी परत हॉलमध्ये आले तेव्हा चांगदेवराव पातेलं घेऊन तयार. "ताई, कुठे पळालात? अजून कलेजी राहिलीय. एक वाढू? नाही म्हणायचं नाही हां!"

"ठेवा ते खाली," शेवंताताई म्हणाल्या. एवढ्याशा बाईंचा आवाज, पण चांगदेवरावांचा चमचा पातेल्यातच राहिला. "त्यांचं ऑपरेशन झालंय. माझं झालंय तेच. त्यांनी तुमचं मन राखायला खाल्लं आणि मी तुमचं मन राखायला चाखलं. आता दोघींना पुरे झालं."

रचनाचा चेहरा पांढरा पडला. राजरत्न जमिनीकडे बघू लागले. चांगदेवरावांनी पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. मी मनात म्हटलं, मोडलं.

"अहो ताई," ते म्हणाले, "एवढा त्रास होता तर बोलायचं ना! शेवंते, तू पण... तुला अजून होतं? मला वाटलं, निघालं ना सगळं." आणि ते उठून पॅसेजमध्ये गेले आणि बाटली घेऊन आले. पुरुषांना बोलता येईना की ते वस्तू आणतात. "हे बघा शिरसाट साहेब. एवढे निघाले हिचे. एक शब्द बोलली नाही."

आणि आमच्या राजरत्नांनी, माझ्या नवऱ्याने, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला.

"कुणाच्या नजरेला पडता कामा नये म्हणालेली ना वैशाली," ते माझ्याकडे न बघता पुटपुटले, "म्हणून बरोबरच ठेवली." आणि त्यांनी माझी बाटली टेबलावर ठेवली, कलेजीच्या वाटीशेजारी.

दोघे बाप पुढे वाकले. बाटल्या खिडकीच्या उजेडाला धरल्या. "तुमचे संख्येने जास्त आहेत," चांगदेवराव म्हणाले. "पण तुमच्या खड्यांचा आकार बघा ना," आमचे म्हणाले. प्रीतम मोबाइलची टॉर्च लावून मदत करत होता. बघता बघता दोघे खांद्याला खांदा लावून बसले, एकमेकांना व्याही म्हणू लागले आणि हॉल डोंबिवलीचा घ्यायचा हेही त्यातच ठरून गेलं. लग्न जमलं. आमच्या पोटांकडे मात्र कुणी बघत नव्हतं. ती बाटलीत नव्हती ना.

फक्त रचना उठली, आम्हा दोघींच्या मध्ये येऊन बसली आणि एक हात माझ्या बरगडीखाली ठेवला, बरोबर जागेवर. "सॉरी मम्मी," म्हणाली. "खूप दुखतं का गं?"

मी उत्तर देणार तोच माझ्या पोटात गुरगुर झाली. त्याच क्षणी पलीकडून शेवंताताईंच्याही. आम्ही दोघी एकदमच उठलो, पॅसेजच्या तोंडाशी एकदमच पोचलो आणि एकमेकींकडे बघत थांबलो. त्या मुलाच्या आई, घर त्यांचं, मान त्यांचा.

शेवंताताईंनी दार ढकलून उघडलं आणि बाजूला झाल्या. "विहीणबाई, तुम्ही आधी."

त्या घरात दिवसभर मला झालेल्या आग्रहांपैकी हा एकच मी पहिल्या शब्दाला मानला.